ग्रंथ कोणासाठी आणि कोणाच्या नावाने?

साहित्याने समाजाचे आणि राज्याचे काय कार्य करावे, हा प्रश्न विद्वानांच्या सभांतून वारंवार निघतो. मराठीत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद वाचकांस विदित आहेच. पुढे तोच प्रश्न बांधिलकीच्या नावाने पुन्हा उभा राहिला. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की साहित्याचे सामाजिक कार्य त्याच्या विषयावर अवलंबून आहे. गरिबांविषयी लिहिले म्हणजे ते समाजाभिमुख, राजाविरुद्ध लिहिले म्हणजे राजकीय, आणि देवाविषयी किंवा प्रणयाविषयी लिहिले म्हणजे दोहोंपासून अलिप्त. आपल्या पंथाच्या पूर्वग्रंथांकडे पाहिले असता ही समजूत टिकत नाही, असे मला वाटते. तेथे विषयापूर्वी दोन गोष्टी विचारल्या गेल्या आहेत. हा ग्रंथ कोणाला कळणार? आणि हा कोणाच्या नावाने ओळखला जाणार? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच ग्रंथाचे सामाजिक व राजकीय कार्य ठरून जाते. मग त्याचा विषय श्रीकृष्णविवाह असो की ब्रह्मविद्या.

पहिला प्रश्न आचार्य श्रीनागदेवांनी विचारला. केशिराजबास हे संस्कृताचे जाणते. त्यांनी रत्नमालास्तोत्र संस्कृतात रचले आणि आचार्यांनी त्याचे कौतुकही केले. तथापि पुढील शास्त्रप्रकरणे संस्कृतात करण्याची गोष्ट निघाली तेव्हा आचार्यांनी निषेध केला. अशाने पंथातील म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, हे त्यांचे कारण स्मृतिस्थळात नोंदलेले आहे. पंडितांनी संस्कृतात प्रश्न केला असता, स्वामींनी मला मराठीतून निरूपण केले, तेव्हा मला त्याच भाषेत पुसा, असे आचार्यांनी सांगितल्याचा प्रसंगही आपण सर्वांनी अनेकदा ऐकलेला आहे.

हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा म्हणून सांगण्याची रूढी पडली आहे. त्या अभिमानाविषयी माझी तक्रार नाही. परंतु आचार्यांच्या कारणात भाषेचा अभिमान कोठेच नाही. मराठी श्रेष्ठ किंवा गोड असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांनी काही माणसे डोळ्यांपुढे आणली. परमार्गात आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, भिक्षा मागून आणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ग्रंथाच्या दाराबाहेर राहतील, म्हणून ग्रंथ तसा करू नये, एवढेच ते बोलले. भाषेचा निर्णय त्या बायकांकडे पाहून झाला. हा भेद सूक्ष्म आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

त्या काळची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. मराठी लिहिली जात नव्हती असे नाही. यादवांच्या राज्यात दानलेख मराठीत खोदले जात. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख तेराव्या शतकातल्या आठव्या दशकातलाच आहे. देणगी, हिशेब, सीमा यांसाठी मराठी चालत असे. मात्र धर्म काय आणि मोक्ष कशाने, हे सांगण्याचा अधिकार संस्कृताकडे होता. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. व्रते, दाने, तीर्थे यांचा एवढा मोठा संग्रह संस्कृतात क्वचित झाला असेल. तो ज्यांच्याकडून आचरून घ्यावयाचा, त्या सामान्य स्त्रीपुरुषांना तो वाचता येण्याची गरज त्याच्या रचनेत धरलेली नाही. त्यांनी तो दुसऱ्याकडून ऐकावयाचा, सांगणाऱ्यास दक्षिणा द्यावयाची आणि सांगितले तसे वागावयाचे. त्या ग्रंथात राजकारणाचे एक अक्षर नसले तरी तो एक सामाजिक रचना उभी करतो. कारण कळणारा आणि न कळणारा असे दोन वर्ग त्याच्या भाषेनेच पडतात. हेमाद्रीच्या विद्वत्तेचा यात अवमान नाही. पंथाची परंपरा त्याच्याविषयी काय सांगते ते सर्वांस ठाऊक आहे. येथे त्या वैराची आठवण काढण्याचे प्रयोजन नाही. त्याच राज्यात, त्याच सुमारास, श्रीज्ञानदेवांनी इ. स. १२९० मध्ये गीतार्थ मराठीत आणला हेही विसरू नये. न कळणाऱ्यांचा विचार एकट्या आपल्याच मार्गाने केला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. नरेंद्रकवी आणि त्यांचे बंधू साल व नृसिंह हे रामदेवराव यादवाच्या सभेतील कवी. नरेंद्रांनी रुक्मिणीस्वयंवर रचले. राजाला ते इतके आवडले की त्यावर आपले नाव असावे अशी इच्छा त्याने धरली आणि एकेका ओवीस सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्रांनी ते नाकारले. आपल्या कवीकुळाला बोल लागेल, असे त्यांचे म्हणणे परंपरेने जपले आहे. पुढे ते राजसभा सोडून आचार्यांना शरण आले.

रुक्मिणीस्वयंवरात राजनिंदा नाही, प्रजेच्या दुःखाचे वर्णन नाही. श्रीकृष्ण, रुक्मिणी, विरह, विवाह आणि अलंकारांची रेलचेल, एवढेच आहे. विषयावरून पाहिले तर त्या काव्यास कोणी राजकीय म्हणणार नाही. तरीही त्या काळच्या मराठीत राजसत्तेपुढे इतक्या स्पष्टपणे नकार देणारा दुसरा कवी मला आठवत नाही. राजा काव्यात बदल मागत नव्हता. एक शब्दही गाळा असे तो म्हणाला नाही. त्याला हवी होती केवळ मुद्रा. बहुतेक लेखकांस वाटेल की शब्द शाबूत आहेत, धनही मिळते आहे, मग नावाने काय बिघडते? नरेंद्रांनी ओळखले की नाव दिले म्हणजे काव्याचा बोलणारा बदलतो. तेच शब्द मग राजाचे वैभव सांगू लागतात. शब्द न बदलता ग्रंथाचा अर्थ फिरविण्याची ही युक्ती सत्तेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आपल्या काळातील एक उदाहरण येथे आठवते. १९७५ साली आणीबाणी चालू असताना कऱ्हाड येथे साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री होते आणि संमेलनाध्यक्षा दुर्गाबाई भागवत. लोकसाहित्य, प्राचीन वाङ्मय आणि ऋतुवर्णन यांत रमलेल्या या विदुषीने त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा पक्ष घेतला, आणि पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांचे बहुतेक लेखन विषयाने राजकीय नव्हते. आपले नाव आणि आपला शब्द कोणाच्या कामी येऊ द्यावयाचा, हा प्रसंग आला तेव्हा काय केले, यातच त्यांच्या साहित्याचे राजकीय मोल दिसले. नरेंद्रांची आणि त्यांची तुलना मी ताणू इच्छित नाही. काळ, मार्ग, श्रद्धा सर्वच वेगळे. प्रश्न मात्र एकाच जातीचा होता.

पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळू, कारण त्याचे सर्वांत मोठे प्रत्यंतर एका संकटात आले. म्हाइंभटांनी सुमारे शके १२०० मध्ये लीळाचरित्र सिद्ध केले. हे पंडित गृहस्थ; त्यांना पोथ्या चाळून चरित्र रचता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्या गाठी घेऊन त्यांनी लीळा विचारून घेतल्या. सांगणाऱ्यांत विद्वान होते तसे अविद्वान होते, पुरुष होते तशा स्त्रिया होत्या. महदाइसेसारख्या चिकित्सक भक्तांचे प्रश्न त्या ग्रंथात पानोपानी आहेत. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, ज्याला आपण खालशाची धाड म्हणतो त्या प्रसंगी, मूळ पोथी हातची गेली. मग ज्यांना जे मुखोद्गत होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्या पुनर्रचनेत हिराइसेचा पाठ प्रसिद्ध आहे. पाठभेदांना आपल्या परंपरेत ‘वासना’ म्हणतात. कोणाच्या वासनेत काय आहे ते प्रामाणिकपणे नोंदून ठेवण्याची शिस्तही पंथाने पाळली.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. आचार्यांनी ज्या स्त्रियांसाठी ग्रंथ मराठीत ठेवला, त्याच वर्गातील एका स्त्रीचे स्मरण ग्रंथ नष्ट झाल्यावर प्रमाण म्हणून उपयोगी पडले. लीळाचरित्र संस्कृतात असते तर ते चार पंडितांपाशी राहिले असते, आणि त्या धाडीत पंडित व पोथी दोन्ही गेली असती तर आज आपल्या हाती काय उरले असते? म्हाताऱ्यांवर उपकार म्हणून जी सोय केली असे वरवर दिसते, तिनेच ग्रंथाचे रक्षण केले. दार उघडे ठेवल्याने ग्रंथ असुरक्षित होतो अशी आपली सहज समजूत असते. या प्रसंगाने ती खोटी पाडली.

आणि तरीही पुढे पंथाने ते दार लावून घेतले. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, परंतु शास्त्रचर्चेत प्रामाणिकपणा सोडून चालत नाही. चौदाव्या शतकात रवळोबासांच्या नावाने सांगितली जाणारी सकळा लिपी निघाली; मागोमाग सुंदरी इत्यादी अनेक लिप्या आल्या. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेली पोथी अनुपदेशी माणसाच्या हाती पडली तरी त्याला ती वाचता येत नसे. याची कारणे पूर्वजांना तातडीची वाटली असतील. परचक्र होते, निंदक होते, श्रीमुखीच्या वचनांची हेळसांड होईल ही भीती होती. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणास नाही. पण परिणाम काय झाला तो पाहण्याचा अधिकार आहे, किंबहुना ते कर्तव्य आहे.

संस्कृताने जे केले असते तेच सांकेतिक लिपीने केले. भाषा मराठीच राहिली, पण तिच्यावर कुलूप पडले. पंथातील म्हातारी आत राहिली हे खरे; पंथाबाहेरची म्हातारी बाहेर गेली. कित्येक शतके महाराष्ट्राला आपल्याविषयी जे कळले ते आपल्या ग्रंथांतून कळले नाही. ऐकीव गोष्टींतून, कुचेष्टेतून आणि काळ्या वस्त्रांविषयीच्या कल्पनांतून कळले. मराठी भाषेतच त्याची खूण राहिली आहे. ‘मानभावी’ हा शब्द शब्दकोशात पाहावा. वरून साधेपणा आणि आतून कपट, असा त्याचा अर्थ रूढ आहे. ज्यांनी मराठी गद्याला पहिले मोठे ग्रंथ दिले, त्यांच्याच नावावरून मराठीने ढोंगाला शब्द बनविला! यात निंदकांचा दोष आहेच. परंतु निंदेला उत्तर देणारे ग्रंथ आपण स्वतःच न वाचता येण्याजोगे करून ठेवले होते, हेही खरे नव्हे काय? साहित्य जेथे मौन पाळते तेथे समाज रिकामा राहत नाही. दुसरे कोणी तरी बोलू लागते.

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळा लिपीची उकल केली, वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयास स्थान दिले, आणि पुढे ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्रंथामागून ग्रंथ प्रकाशात आणले. काही महंतांनी त्यांस पोथ्या दाखविल्या, काहींनी दाखविल्या नाहीत. १९७८ साली कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले तेव्हा त्यातील काही पाठांवरून पंथात क्षोभ झाला. त्या वादाच्या तपशिलात मी शिरत नाही. श्रद्धावंतास दुखावणारे पाठ असतील तर दुःख होणे स्वाभाविक आहे. पण एक प्रश्न मनात राहतोच. आपल्या वासनांचे निवाडे, कोणता पाठ ग्राह्य आणि कोणता प्रक्षिप्त याची कारणे, आपण आधीच खुलेपणाने मांडून ठेवली असती, तर तो वाद विद्वत्तेच्या भूमीवर झाला नसता काय? म्हाइंभटांनी तेच तर केले होते. त्यांनी भेद झाकले नाहीत, नोंदले.

आता काळ अगदी पालटला आहे. ज्या वाङ्मयाची चेष्टा होई त्याचा गौरव होऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेच्या प्राचीनतेची चर्चा होते तेव्हा लीळाचरित्राचे नाव आदराने घेतले जाते. श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरास राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले. याचा आनंद कोणास होणार नाही? मलाही झाला. तथापि नरेंद्रकवींचा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. आज कोणी ओवीस सोने देत नाही, पण ग्रंथावर मुद्रा मात्र उमटते. ‘आद्य मराठी गद्यग्रंथ’ ही मुद्रा खरीच आहे आणि सन्मानाची आहे. पण तेवढ्याच नावाने ग्रंथ ओळखला जाऊ लागला म्हणजे तो जे सांगतो ते मागे पडते. विटाळाविषयी स्वामींनी महिलांना काय समजाविले, जातीच्या उतरंडीकडे त्यांनी कसे पाहिले, अहिंसा किती सूक्ष्मपणे पाळावयाची, हे सारे बाजूस राहते आणि व्याकरणाची रूपे तेवढी उरतात. सत्कार करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. रामदेवरावाचा तरी कोठे वाईट होता? त्याला काव्य मनापासून आवडले होते.

भाषेचा प्रश्नही संपलेला नाही. आपले काही शतकांपूर्वीचे संन्यासी उत्तरेस गेले, पंजाबात जयकृष्णी या नावाने मार्ग वाढला, आणि १९४७ पूर्वी पेशावरपर्यंत मठ होते. तेथील उपदेशींनी सूत्रे मराठीतूनच पाठ केली. त्यांची निष्ठा पाहून मन भरून येते. परंतु विचार करता असे दिसते की, गोदातीरी जी भाषा म्हातारीची होती, ती पंजाबात पंडिताची झाली. तेथील वृद्ध स्त्रीला मराठी म्हणजे दुसरे संस्कृतच. आचार्य तेथे असते तर त्यांनी काय सांगितले असते? त्यांची आज्ञा मराठीविषयी होती असे मानले तर उत्तर एक येते. म्हाताऱ्यांविषयी होती असे मानले तर दुसरे येते. मी वर जो सूक्ष्म भेद म्हटला तो हाच.

आणि पंजाबात कशाला जावयाचे? मागे एका चातुर्मासात आमच्या भागातील एका आश्रमात सूत्रपाठाचे निरूपण चालू होते. महंत बाबा मोठे व्युत्पन्न. अन्वय, हेतू, दृष्टांत, पूर्वाचार्यांची मते, सर्व क्रमाने सांगत. समोर खेड्यातील पंधरा-वीस वासनिक, त्यांत बाया अधिक. निरूपण संपल्यावर दंडवत करून एक आजी म्हणाल्या, “बाबा, हे मराठीच आहे ना? मंग मले काहून कळत नाही?” काही जण हसले. बाबा हसले नाहीत. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सूत्र बदलावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. श्रीमुखीचे शब्द जसे आहेत तसेच राहिले पाहिजेत. एका अक्षराने अर्थाची वाट चुकते, हे शास्त्र शिकणाऱ्यास सांगावे लागत नाही. पण सूत्र आणि निरूपण या दोन वस्तू आहेत. आपल्या भाष्यांची, टीपांची आणि या त्रैमासिकातील आमच्यासारख्यांच्या लेखांचीही भाषा आता अशी झाली आहे की तीत एक संस्कृत लपलेले आहे. ‘अस्मात् कस्मात्’ नसले तरी ‘तात्पर्यार्थाची अनुपपत्ती’ असते. हा लेखही त्या दोषातून सुटलेला नाही, हे मी जाणतो. सवय हातात बसलेली आहे. आणि यात निव्वळ सवयच आहे असेही नाही. अवघड लिहिले की लिहिणाऱ्याचा मान वाढतो, आणि तो मान सोडणे हाही एक प्रकारचा त्याग आहे. भिक्षेच्या झोळीहून तो जड जातो, असे एका वृद्ध संन्याशांनी मला एकदा थट्टेने सांगितले होते. थट्टा होती की नाही याचा मला अजून निर्णय करता आलेला नाही.

कोणी म्हणेल, सोपे केले की शास्त्र पातळ होते; चारचौघांत गेले की त्याचा मान जातो. ही शंका हलकी नाही. भास्करभट बोरीकरांच्या शिशुपालवधाविषयी गुरुबंधूंनी म्हटले की काव्य उत्तम झाले, पण ते संसारात असलेल्यांस रुचेल असे आहे, निवृत्त झालेल्यांच्या उपयोगाचे नाही. म्हणजे आपल्याकडे वाचक पाहून ग्रंथ तोलण्याची रीत होतीच, आणि ती केवळ सोपेपणाची बाजू घेणारी नव्हती. भास्करभटांनी काय केले? रुसून बसले नाहीत, आपले काव्य मागेही घेतले नाही. त्यांनी उद्धवगीता लिहिली. एका वाचकासाठी एक ग्रंथ, दुसऱ्यासाठी दुसरा. शिशुपालवध आजही आपण वाचतो. तेव्हा जाणत्यांसाठी सूक्ष्म भाष्य असावे, जरूर असावे. पण त्याच लेखणीतून त्या आजींसाठीही काही उतरावे लागते. ते काम शिष्यांवर किंवा छापखान्यांवर सोपवून भागत नाही.

त्या चातुर्मासातील पुढची हकीकत सांगावयाची राहिली. दुसऱ्या दिवशी महंत बाबांनी सूत्र दोनदा म्हटले, पोथी मिटून रुमालात बांधली, आणि ते आमच्या वऱ्हाडी बोलीत समजावू लागले. विहीर, मोट, पऱ्हाटी, सासरी गेलेली लेक, असे काय काय त्यात आले. मध्येच ते एका ठिकाणी अडले. शास्त्रातील एका संज्ञेला बोलीतला शब्द सापडेना. तेव्हा कालच्या त्या आजींनीच मागून एक शब्द सुचविला. बाबांनी तो घेतला, आणि शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यास म्हणाले, “लिहून ठेव. या आईंच्या नावाने लिही.”